आईचा हंडा, रिसेप्शनमधले मासे

१४ नोव्हें. ७८, मंगळ

आजपासून मासे. पर्सोनेल साहेबांनी (यापुढं ‘प.सा.’, रोज एवढं लांब कोण लिहिणार, तेही या हाताने) बोलावून घेतलं. म्हणाले, ‘काळोखे, तुम्हाला लाइट ड्युटी दिलीय. रिसेप्शनमधली माशांची टाकी सांभाळायची. नशीबवान आहात.’ उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली आणि मी नशीबवान. प्रेसचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असते ती जाळी, कुणाच्या हुकमाने काढून ठेवला होता ते अख्ख्या शॉपला ठाऊक आहे. चौकशीच्या कागदावर मात्र एकच शब्द. निष्काळजीपणा. कामगाराचा. म्हणजे माझा.

टाकी मोठ्या साहेबांच्या (मो.सा.) बाईसाहेबांच्या हौसेची. आधी टेलिफोनवाली मुलगी बघायची, तिचं लग्न झालं. निघताना प.सा. म्हणाले, ‘मासे राहिले तर तुम्ही राहाल.’ हसत म्हणाले. धमकी हसून दिली की तिला गंमत म्हणतात.

कंपनीचे डॉक्टर म्हणतात रोज चार ओळी लिहा, उरलेल्या बोटांना वळण राहील. म्हणून हे. अक्षर म्हणजे कोंबडीने उकिरडा उकरलाय.

१६ नोव्हें., गुरु

सुट्टी. गुरुवारी आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात वीज नाही, म्हणून कंपन्यांची सुट्टीही गुरुवारी. सकाळी चहा पिताना एकदम आठवलं, वीज नाही म्हणजे टाकीतला हवेचा पंप नाही. आकुर्डीहून सायकल हाणली. मासे वर येऊन तोंडं वासत होते. वाटीने पाणी उचलायचं, उंचावरून परत सोडायचं, तेवढीच हवा मिसळते. दुपारपर्यंत हाच उद्योग. वॉचमन येऊन बघून गेला. ‘काय राव, अंघोळ घालताय व्हय?’

प्रेसवर होतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी माझ्याशिवाय काही अडत नव्हतं. आता अडतं. माशांचं.

२० नोव्हें., सोम

एक मासा आहे चपटा, उभा, काळ्या पट्ट्यांचा. मी त्याला चपटी म्हणतो. आज तिच्या अंगावर पांढरे ठिपके, जणू रवा भुरभुरलाय. दगडाला अंग घासते, खात नाही, कोपरा धरून बसलीय.

पुण्याला गेलो, मासे विकणाऱ्याकडे. बोलघेवडा, पण सांगतो नीट. म्हणे, माशाचं दुखणं परांवर वाचायचं. पर पसरलेले तर मासा बरा, मिटून अंगाला चिकटवले तर आजारी. खाणं सोडलं, घोळक्यातून बाजूला गेला, कल्ले भराभर हलले, की समजायचं. ठिपके थंडीने येतात नि एकाचे सगळ्यांना लागतात. वेगळं ठेवा, पाण्यात खडेमीठ, निळ्या औषधाचे थेंब, शेजारी बल्ब लावून ऊब द्या.

आमच्या दवाखान्यात डोकं दुखो की पाय, गोळी एकच, गुलाबी. पर मिटलेत का हे कुणी बघत नाही.

यमुनाबाईने कँटीनमधून लोणच्याची रिकामी काचेची बरणी आणून दिली. यमुनाबाई रिसेप्शनची फरशी पुसते. नवरा इथंच फौंड्रीत होता, तो गेल्यावर हिला झाडूवर घेतलं. बरणीत पाणीही तिच्याच प्लॅस्टिकच्या बादलीतलं. स्वच्छ बादली, फिनेलची वेगळी. ‘तुमी हात नगा घालू, मी वतते,’ म्हणाली. माझ्या हाताकडे न बघता म्हणाली, एवढं बरं वाटलं.

२३ नोव्हें., गुरु

मासेवाल्याने आणखी एक सांगितलं होतं. नळाचं पाणी थेट घालू नका, त्यातलं औषध माशांना सोसत नाही. रात्रभर साठवून मग घाला. टाकीला रोज थोडं नवं पाणी हवं, म्हणजे मोठं भांडं हवं. बादली आहे ती यमुनाबाईची, रोज रात्रभर कशी अडवायची?

घरी आईचा तांब्याचा हंडा आहे. तांब्यात रात्रभर राहिलेल्या पाण्यासारखं शुद्ध पाणी नाही, हे आई मरेपर्यंत सांगत होती. सौ. भडकली. ‘सासूबाईंचा हंडा मासळीला न्हेताय?’ मी म्हटलं, मासळी नाही, माझी नोकरी आहे ती. मग तिनेच चिंच नि मीठ लावून हंडा असा घासला की तोंड दिसावं.

उद्या कॅरिअरला बांधून नेतो.

२४ नोव्हें., शुक्र

हंड्याने रिसेप्शनला शोभा आली म्हणे. मो.सा. स्वतः थांबले. ‘वा काळोखे! तांब्याचं पाणी! मी रोज सकाळी तेच पितो.’ इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा माझं नाव त्यांच्या तोंडी.

चपटीला मात्र हंड्यातलं दिलं नाही. मरणारीला कशाला चांगलं पाणी? तिला बादलीतलंच चालेल. धडधाकट आहेत त्यांना हंडा.

२८ नोव्हें., मंगळ

काचेला गोगलगायी चिकटलेल्या असायच्या, बारक्या. सगळ्या गळून तळाला पडल्यात. कवच उघडं, आत काही नाही. जाऊ देत, गोगलगायी कोण मोजतो.

चपटीचे ठिपके कमी. एक पर उघडला.

१ डिसें., शुक्र

काल हंडा घरी नेला होता, सौ.ने पुन्हा चिंचेने घासून दिला. आज ताजं पाणी.

सोनेरी मासे निस्तेज. अंगावर शेंबडासारखा थर. वर येऊन तोंड वासतात, पंप तर चालू आहे. मग एकदम सैरावैरा पळतात, काचेवर आपटतात. ठिपके नाहीत, जखम नाही. हे कसलं दुखणं?

मासेवाला म्हणाला, पाणी खराब झालं असणार, जास्त बदला. बदललं. निम्मी टाकी हंड्याने भरली.

४ डिसें., सोम

दोन सोनेरी गेले. मिशीवालाही गेला, जो खायला देताना बोटाजवळ यायचा. उरलेल्या बोटाजवळ.

पाणी आणखी बदललं. निळं औषध घातलं. मीठ घातलं. जितकं करतो तितके लवकर मरतात. वैऱ्याने केलं असतं तर इतकं नेमकं झालं नसतं.

बाईसाहेब आल्या, रुमालाने डोळे टिपले. खोटं नव्हतं ते, खरंच रडल्या. माझी बोटं गेली त्या दिवशी दुसऱ्या पाळीला प्रेस पुसून दुसरा माणूस उभा केला होता.

६ डिसें., बुध

टाकी रिकामी. शेवटचा काळा मासा सकाळी तरंगत होता.

प.सा.नी यमुनाबाईला नि मला समोर उभं केलं. ‘टाकीजवळ फिनेल वापरतेस?’ ‘फरशीला वापरते, साहेब. समदीकडं वापरते.’ ‘हात धुतेस का मग?’ तिने हात पदराआड घेतले. मग माझ्याकडे वळले, ‘काळोखे, टाकीपाशी फिनेलचा वास येतो का?’

मी म्हणालो, येतो.

येतोच. फरशी पुसली की येणारच. मलाही तेव्हा तसंच वाटलं की असेल बुवा फिनेलने. आणि हेही वाटलं की बरं झालं, माझ्याकडे आलं नाही. दोन्ही लिहून ठेवतो.

८ डिसें., शुक्र

यमुनाबाईला गेटवरूनच परत पाठवलं. कागद प.सा.नी मला वाचून दाखवला, का ते त्यांनाच माहीत. ‘निष्काळजीपणा.’ तोच शब्द. बहुतेक टाइप करून तयारच असतो, वर नाव तेवढं बदलतात.

चपटी बरणीत पोहतेय. सगळे पर उघडे. आजारी होती ती वाचली, धडधाकट होते ते गेले. हे गणित बसत नाही.

१४ डिसें., गुरु

बसलं.

हंडा घरी आणलाय. शेजारीण ताकाला भांडं मागायला आली, हंड्याकडे बोट केलं. सौ. म्हणाली, ‘त्यात नगं बाई, कल्हई न्हाई. कळकंल.’

चहा हातातच राहिला. लहानपणापासून माहीत आहे, बिनकल्हईच्या तांब्यात आंबट ठेवलं की कळकतं, पोटात गेलं तर ओकाऱ्या. सौ.ला विचारलं, पाणी कळकतं का गं? ‘पानी कधी कळकतंय? इतकी वर्सं पितोय न्हवं आपुन?’ चिंच लावल्यावर किती धुतेस? ‘धुते की. एवढी का चवकशी?’

आपण तांब्याभर पितो नि विसरतो. मासा त्यातच राहतो, तेच पाणी दिवसभर कल्ल्यांतून गाळतो. गोगलगायी हंडा आल्यावर गळल्या. सोनेरी हंड्याने गेले. पाणी जास्त बदललं तेव्हा जास्त गेले. चपटीला हंड्याचा थेंब दिला नाही, ती जगली. यमुनाबाईच्या बादलीने जगली.

दुखणं रेड्याला नि डाग पखालीला.

सौ.ला सांगितलं तर माझ्यावरच डाफरली. ‘सासूबाईंचं नाव घेऊ नगा त्यात.’

१६ डिसें., शनि

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी थेट मो.सा.कडे. वाटलं, एकदा सांगून टाकू, गेली नोकरी तर गेली. जे आठवतं ते असं:

‘साहेब, मासे माझ्यामुळं मेले. हंड्याच्या पाण्यानं.’

‘तांब्याच्या?’ मो.सा. हसले. ‘अहो, मी वीस वर्षं पितोय. मी मेलो का?’

गोगलगायींचं सांगितलं. ‘फिनेलने गोगलगायी मरत नाहीत?’ चपटीचं सांगितलं. प.सा. तिथंच होते, म्हणाले, ‘बरणी लांब टेबलावर होती, तिथं फिनेल पोचलं नसेल.’ बरणीतलं पाणी यमुनाबाईच्याच बादलीचं होतं म्हणालो, तर भुवया वर. ‘झाडूवालीची बादली वापरत होता? कुणाला विचारून?’ मी म्हटलं, एक मासा आणा, हंड्यात सोडून दाखवतो. बाईसाहेब दारात उभ्या होत्या. ‘म्हणजे मुद्दाम मारणार? शी!’

शेवटी मो.सा. उठले, खांद्यावर हात ठेवला. ‘तुम्ही त्या बाईसाठी स्वतःवर घेताय. मन मोठं आहे तुमचं. जा आता.’

म्हणजे झालं काय, तर मी खरं बोललो नि चांगला माणूस ठरलो. दोष घ्यायला निघालो, कुणी देईना. बोटांच्या वेळी नको नको म्हणत होतो तर दोन्ही हातांनी दिला होता.

१७ डिसें., रवि

ड्युटी सुटल्यावर यमुनाबाईकडे गेलो, काळेवाडीला. पत्र्याची खोली, बाहेर तुळस. सगळं सांगितलं, हंडा, चिंच, कळकणं. वास येतो असं मीच म्हणालो, तेही.

‘खोटं कुठं बोलला? वास येतोच की.’ मग चहाचं आधण ठेवत, ‘तांब्यानं कुठं मासं मरत्यात, भाऊ? पुन्याईचं पानी त्ये. तुमी माझ्या समाधानाला सांगताय.’

ही पण!

दुसरीकडे काम बघतेय. पण पट्ट्यात बातमी पोचलीय. एका गेटवर कुणीतरी विचारलं म्हणे, मासे मारले ती तूच का? काम नसलं तरी चालंल, म्हणाली, पन नाव खराब झालं. चहा दिला. मी प्यालो. लाज वाटली प्यायला, पण नको म्हणण्याचीही लाज वाटली.

२२ डिसें., शुक्र

बाईसाहेबांनी नवे मासे आणवलेत. आणि नवा हंडा. माझ्या आईच्या हंड्याहून मोठा, कंपनीचं नाव कोरलेला. ‘काळोखे, तुमची तांब्याची कल्पना मला फार आवडली. यातलंच पाणी घालायचं हं.’ रिसेप्शनमध्ये फिनेल बंद, नव्या बाईने साध्या पाण्याने पुसायचं.

हंड्याला फुलांची माळ. फोटोही काढला. फोटोत मी आहे, हात मागे घेऊन उभं राहायला सांगितलं.

२३ डिसें., शनि

सकाळी कुणी यायच्या आत गेलो. हंड्यातलं पाणी मागच्या गुलाबांना. टाकीत बादलीतलं. यमुनाबाईची बादली, संडासाच्या मागं पडली होती, काल सुटतानाच धुऊन भरून ठेवली होती. हंडा परत काठोकाठ भरून जागेवर.

चपटीला टाकीत सोडलं. थोडा वेळ एकटी राहिली, मग घोळक्यात गेली.

२ जाने. ७९, मंगळ

एकही मासा आजारी नाही. पर पसरून हिंडतात. रोज सकाळी तोच उद्योग, गुलाबांना हंडा, माशांना बादली. गुलाबांना काही झालं नाही.

बाईसाहेब पाहुण्यांना सांगत होत्या, ‘फिनेल बंद केलं आणि बघा, कसे खुललेत!’ प.सा. मान डोलावत होते. मी तिथंच होतो, काच पुसत. तेव्हा कुठं ध्यानात आलं मी काय करतोय ते.

मासे जितके दिवस जगतील तितकी यमुनाबाई गुन्हेगार. मी रोज सकाळी बादली ओततो, म्हणजे तिच्या नावावर रोज शिक्का मारतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर ओढायला चोरच.

५ जाने., शुक्र

प.सा.नी बोलावलं. लाइट ड्युटी कायम केली. नव्या झाडूवालीलाही कायम केलं, म्हणजे यमुनाबाईची जागाच उरली नाही. ‘काम चांगलं आहे तुमचं,’ म्हणाले. हात पुढे केला. मी डावा दिला.

घरी सौ.ने शिरा केला. ‘बघा, हंडा फळला,’ म्हणाली.

शिरा गोड लागला नाही.

९ जाने., मंगळ

सुटताना गेटवर यमुनाबाई उभी. शेवटचे कागद न्यायला आली होती. वॉचमन मध्ये उभा, कान टवकारून.

‘कशी हायेत वं मासं?’

‘बरी हायेत.’

‘समदी?’

‘समदी.’

तिने मान हलवली. पदर सारखा केला. म्हणाली, ‘म्हंजी माझंच चुकलं असंल, भाऊ. मला वाटलं हुतं हात धुतलं हुतं.’

वॉचमन ऐकत होता. मी हंड्यातलं घालतच नाही, एवढं एक वाक्य सांगायचं होतं, ते तोंडातच राहिलं. ती बसस्टॉपकडे गेली, हातात कागदांची पिशवी. पर मिटलेल्या माशासारखी कडेकडेने चालत गेली आणि मी बघत उभा राहिलो.

१० जाने., बुध

सुट्टीच्या आदल्या दिवशी टाकीचं पाणी जास्त बदलायचं असतं, उद्या पंप बंद. सकाळी बदललं नाही. चोरून बदलणं आज जमेना.

दिवसभर काचेसमोर बसलो. हंड्याने टाकी भरली तर चार दिवसांत दिसेल सगळ्यांना. फिनेल नाही, यमुनाबाई नाही, तरी मासे मेले. मग कुणालाही दुसरं काही म्हणता येणार नाही. तिचं नाव सुटेल. माझं काम जाईल, ते जाऊ दे असं लिहायला सोपं आहे, सौ.ला सांगायला नाही. आणि या माशांचं काय? यांनी कुणाचं काय केलंय? चपटीला मी ठिपक्यांतून काढलंय, थेंब थेंब औषध घालून, या हाताने.

प.सा. जाताना म्हणाले, ‘काळोखे, आज पाणी बदललं नाहीत?’ म्हटलं, निघताना बदलतो.

सगळे गेले. हंडा भरलेला आहे, बादलीही भरलेली आहे. दोन्ही टाकीशेजारी आणून ठेवलीत. चपटी काचेशी आलीय, तिला वाटतं खायला देतोय. हे लिहून झालं की उठतो.